अ‍ॅडमिन हक्क नसताना डेव्हलपमेंटची टूल्स कुठे टाकावीत: मशीनवर, होममध्ये की प्रोजेक्टमध्ये?

प्रश्न असा आहे: कामासाठी मिळालेल्या लिनक्स मशीनवर अ‍ॅडमिन हक्क नाहीत. त्यावर नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, पण जुनं. अँग्युलर या वेब फ्रेमवर्कचं सीएलआय (टर्मिनलमधून चालवायचं टूल) ग्लोबल टाकायला गेलं की परवानगी नसल्याचा एरर येतो आणि पायथनची पॅकेजेस टाकणारं पिपही अडून बसतं. आयटी विभाग एका दिवसापुरता सुडो (रूट, म्हणजे लिनक्सच्या मुख्य खात्याच्या हक्कांनी कमांड चालवायची मुभा) द्यायला तयार आहे. त्या दिवसात लागणारं सगळं ग्लोबल टाकून मोकळं व्हावं, की प्रत्येक प्रोजेक्टमध्ये लोकल टाकत राहावं? आणि विंडोजच्या लॅपटॉपवर हीच अडचण आली तर काय करावं?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. त्या एका दिवसात नोडचं किंवा पायथनचं एकही पॅकेज सुडोने टाकू नका. तुम्हाला लागणारी बहुतेक सगळी टूल्स अ‍ॅडमिन हक्कांशिवाय टाकता येतात, आणि तशी टाकलेली पुढे कमी त्रास देतात. पण सुडोचा दिवस नाकारूही नका. काही मोजक्या गोष्टींना खरोखरच अ‍ॅडमिन लागतो आणि नेमक्या त्याच ऐन वेळी आठवत नाहीत. त्यांच्याकडे शेवटी येतो.

'ग्लोबल' म्हणजे नक्की कुठे?

सगळा घोळ या एका शब्दात आहे. ग्लोबल आणि लोकल अशा दोनच जागा आहेत असं आपण धरून चालतो, पण जागा तीन आहेत. पहिली संपूर्ण मशीनची: लिनक्सवर यूएसआर, यूएसआर-लोकल आणि ऑप्ट हे फोल्डर, विंडोजवर प्रोग्रॅम फाइल्स. इथे टाकलेलं त्या मशीनवरच्या प्रत्येकाला दिसतं, म्हणूनच इथे लिहायला अ‍ॅडमिन लागतो. दुसरी जागा तुमच्या एकट्याच्या खात्याची, म्हणजे होम फोल्डर. तिसरी त्या त्या प्रोजेक्टच्या फोल्डरची.

एनपीएम हे नोडची पॅकेजेस टाकणारं टूल. त्याचं 'मायनस जी' (ग्लोबल टाकायचा पर्याय) पहिल्या जागेत लिहितं असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. 'मायनस जी'चा अर्थ एवढाच, की हे पॅकेज चालू प्रोजेक्टमध्ये न टाकता 'प्रिफिक्स' नावाच्या ठरलेल्या फोल्डरखाली टाक. तो फोल्डर कुठला, हे निव्वळ एक सेटिंग आहे. नोड यूएसआर-लोकलमध्ये बसवलेलं असेल तर प्रिफिक्सही तेच धरलं जातं. तिथे लिहायची तुम्हाला परवानगी नाही, म्हणून ईअ‍ॅक्सेसचा एरर येतो. विंडोजवर हेच प्रिफिक्स मुळातच तुमच्या खात्याच्या अ‍ॅपडेटामध्ये असतं, त्यामुळे तिथे तीच कमांड बिनबोभाट चालते. म्हणजे एनपीएम तुमच्याकडे अ‍ॅडमिन हक्क मागत नाही. त्याला चुकीच्या दारापाशी उभं केलंय, एवढंच.

हे एकदा समजलं की 'ग्लोबल की लोकल' हा प्रश्न बदलतो. खरा प्रश्न असा: हे टूल माझं आहे की प्रोजेक्टचं? मी कुठल्याही प्रोजेक्टमध्ये असलो तरी मला हाताशी लागतं ते माझं, म्हणजे होममध्ये. ज्याचं व्हर्जन बदललं तर बिल्डचा (कोडमधून तयार होणाऱ्या प्रोग्रॅमचा) निकाल बदलू शकतो ते प्रोजेक्टचं. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर, लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल), फॉरमॅटर, टेस्ट चालवणारं टूल, बंडलर (कोडच्या फाइली एकत्र बांधणारं टूल) ही सगळी प्रोजेक्टची. त्यांचं व्हर्जन पॅकेज-जेसनमध्ये आणि लॉकफाइलमध्ये (प्रोजेक्टच्या पॅकेजेसची यादी आणि नेमकी व्हर्जन ठेवणाऱ्या फाइलींमध्ये) नोंदलेलं असलं पाहिजे, म्हणजे तुमच्या मशीनवर, सहकाऱ्याच्या मशीनवर आणि सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) एकच टूल चालेल. पहिल्या जागेत, संपूर्ण मशीनवर, डेव्हलपरच्या कामाचं फार थोडं उरतं.

सुडोचा मोह का टाळायचा

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा जण एकच सर्व्हर वापरत होतो. एका सहकाऱ्याला नमपाय या पायथनच्या लायब्ररीचं नवं व्हर्जन हवं होतं. त्याच्याकडे सुडो होता, त्याने सुडो पिपने ते चढवलं आणि त्याचं काम झालं. दुसऱ्या दिवशी तिघांच्या स्क्रिप्ट बंद पडल्या, प्रत्येकीचा एरर वेगळा. कुणीच आपला कोड बदललेला नव्हता, त्यामुळे कारण सापडायला दोन दिवस गेले. त्या सहकाऱ्याने काहीही वावगं केलं नव्हतं. त्याला हवी असलेली गोष्ट त्याच्या एकट्याच्या जागेत जायला हवी होती, ती सगळ्यांच्या जागेत गेली. तेव्हापासून शेअर्ड मशीनवर सुडो पिप हे दोन शब्द एकत्र दिसले की मी थांबतो आणि समोरच्यालाही थांबवतो.

मशीन तुमच्या एकट्याचं असलं तरी त्रास चुकत नाही. सुडो लावून एनपीएम चालवलं की काही फाइली रूटच्या मालकीच्या होतात, कधीकधी तुमच्याच होममधल्या कॅशमध्ये. मग पुढची साधी, सुडो नसलेली कमांड त्या फाइलींवर अडखळते. माणूस वैतागून पुन्हा सुडो लावतो, आणखी फाइली रूटच्या होतात. या चक्रात अडकला असाल तर होममधला डॉट-एनपीएम फोल्डर चाऊन या मालकी बदलणाऱ्या कमांडने पुन्हा स्वतःच्या नावावर करून घ्या. तुमच्या सुडोच्या दिवसाचा हा एक चांगला उपयोग.

सुरक्षेची बाजू याहून गंभीर आहे. पॅकेज टाकताना त्यातल्या इन्स्टॉल स्क्रिप्ट आपोआप चालू शकतात. जुलै २०१८ मध्ये ईएसलिंट-स्कोप या प्रचंड वापरल्या जाणाऱ्या पॅकेजचं एक बनावट व्हर्जन एनपीएमवर चढवलं गेलं आणि ते टाकणाऱ्यांची एनपीएम टोकन (खात्याच्या गुप्त किल्ल्या) चोरायचा प्रयत्न करत होतं. अशी स्क्रिप्ट तुमच्या खात्यातून चालली तर नुकसान होतंच, पण रूट म्हणून चालली तर ते मशीन विश्वासाचं राहत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत खुद्द एनपीएमच्या ५.७.० व्हर्जनमध्ये असा दोष होता, की लिनक्सवर सुडोने चालवल्यास ईटीसी, यूएसआर अशा सिस्टिम फोल्डरांची मालकीच बदलायची. दुरुस्ती लगेच ५.७.१ मध्ये आली, पण तोवर काहींची मशीन बसली होती. ज्यांनी सुडो लावला नाही, त्यांना काहीच झालं नाही.

पाथ समजला की अर्धं काम झालं

होममध्ये टाकलेलं टूल 'कमांड सापडली नाही' म्हणतं, किंवा नवं टाकूनही जुनंच चालतं, या दोन तक्रारी सर्वांत जास्त येतात. दोन्हींचं कारण पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी. शेल (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्रॅम) पाथमधले फोल्डर डावीकडून उजवीकडे बघतं आणि पहिलं सापडेल ते चालवतं. म्हणून लिनक्स आणि मॅकवर तुमचा फोल्डर पाथच्या सुरुवातीला घाला, शेवटी नाही. शेवटी घातलात तर यूएसआर-बिनमधलं जुनं नोड आधी सापडेल आणि तुमच्या नव्याची पाळीच येणार नाही.

स्वतःच्या टूल्ससाठी फोल्डर निवडायचा तर होममधला डॉट-लोकल आणि त्यातला बिन हाच निवडा. ही जागा आता रूढ आहे, आणि पिप, तसंच पायथनचीच पीआयपीएक्स आणि यूव्ही ही टूल्स, सगळी तिथेच लिहितात. डेबियन आणि उबुंटूमध्ये डॉट-प्रोफाइल ही फाइल तो फोल्डर पाथमध्ये घालते, पण लॉगिन करताना तो अस्तित्वात असेल तरच. त्यामुळे पहिल्यांदा तो फोल्डर तयार झाला की लॉगआउट करून परत या. या एका गोष्टीपायी लोक तासभर एरर शोधत बसलेले मी पाहिलेत.

शंका आली की 'टाइप मायनस ए नोड' चालवा. 'व्हिच' फक्त पहिलं उत्तर देतं. 'टाइप मायनस ए' पाथवरच्या सगळ्या नोडची यादी देतं आणि कोण कुणाला झाकतंय ते लगेच दिसतं. बॅश (लिनक्सवरचं नेहमीचं शेल) एकदा सापडलेली जागा लक्षात ठेवतं, म्हणून टूल हलवल्यावरही जुनाच पत्ता धरून बसलं तर 'हॅश मायनस आर' करा.

आणखी एक. बॅश-आरसी या बॅशच्या सेटिंग फाइलमध्ये लिहिलेला पाथ फक्त तुमच्या टर्मिनलला माहीत असतो. क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारं टूल) ती फाइल वाचत नाही, त्याचा पाथ अगदी आखूड असतो. डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून उघडलेला एडिटरही बहुधा ती वाचत नाही. टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून पडते त्यामागे निम्म्या वेळा हेच असतं. क्रॉनच्या ओळीत टूलचा पूर्ण पत्ता लिहा. तेवढ्याने भागतं.

नोड

तुमच्या बाबतीत नोडच जुनं आहे, तेव्हा प्रिफिक्स बदलत बसण्यापेक्षा नोडच होममध्ये घ्या. एनव्हीएम त्यासाठी चांगलं आहे. ते होममधल्या डॉट-एनव्हीएममध्ये बसतं, नोडची हवी तेवढी व्हर्जन तिथेच उतरवतं, आणि अ‍ॅडमिनचा कुठेही संबंध येत नाही. नोड होममध्ये आलं की त्याचं प्रिफिक्सही होममध्येच येतं आणि 'मायनस जी'चा एरर आपोआप नाहीसा होतो. एफएनएम आणि व्होल्टा हे वेगवान पर्याय आहेत, मीही आता एफएनएम वापरतो. पण एनव्हीएमबद्दल मदत सगळ्यांत सहज मिळते, म्हणून सुरुवात त्यानेच करा.

दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. एनव्हीएम आणि एनपीएमचं प्रिफिक्स सेटिंग यांचं जमत नाही. आधी कुणाचं ऐकून डॉट-एनपीएमआरसी या एनपीएमच्या सेटिंग फाइलमध्ये प्रिफिक्सची ओळ घातली असेल तर ती काढून टाका, नाहीतर एनव्हीएम तक्रार करत राहील. दुसरी अडचण: 'मायनस जी'ने टाकलेली पॅकेजेस नोडच्या त्या एका व्हर्जनपुरती असतात. नवं व्हर्जन घेतलं की ती गायब झाल्यासारखी वाटतात. पण जागेवरच असतात, जुन्या व्हर्जनच्या फोल्डरात.

आता अँग्युलर. सीएलआय ग्लोबल टाकायची मुळात गरज किती? नवा प्रोजेक्ट तयार करायला एनपीएक्स पुरतं. एनपीएक्स २०१७ पासून एनपीएमबरोबरच येतं, पॅकेज तात्पुरतं उतरवून चालवतं. प्रोजेक्ट तयार झाला की सीएलआय त्याच्या नोड-मॉड्यूल्स या पॅकेजेसच्या फोल्डरमध्ये लोकल असतंच. ग्लोबल 'एनजी' (सीएलआयची कमांड) प्रोजेक्टच्या आत चालवलं तरी ते लोकल व्हर्जन शोधून त्याच्याच हाती काम सोपवतं. काम लोकलच करणार असेल तर ग्लोबलची उठाठेव फक्त टाइप करायचे चार अक्षरं वाचवण्यासाठी उरते. पॅकेज-जेसनच्या स्क्रिप्ट विभागात कमांड लिहून ठेवा. एनपीएम रन करताना नोड-मॉड्यूल्समधला डॉट-बिन फोल्डर आपोआप पाथमध्ये येतो, त्यामुळे टूलचं नुसतं नाव लिहून चालतं.

एनपीएक्स वापरताना नाव मात्र नीट टाइप करा. प्रोजेक्टमध्ये ते टूल नसेल तर एनपीएक्स त्या नावाचं जे पॅकेज रजिस्ट्रीवर (एनपीएमच्या सार्वजनिक साठ्यावर) असेल ते उतरवतं, आणि एका अक्षराच्या चुकीने भलत्याच माणसाचा कोड तुमच्या मशीनवर चालू शकतो. एनपीएमच्या सातव्या आवृत्तीपासून ते उतरवण्याआधी विचारतं. तिथे डोळे मिटून होय म्हणू नका.

जुन्या लिनक्सवर एक वेगळीच भिंत लागते. नोड १८ पासूनच्या अधिकृत बायनरींना (तयार प्रोग्रॅमना) जीलिबसी या लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीचं २.२८ व्हर्जन लागतं. सेंटओएस ७ वर २.१७ आहे. तिथे एनव्हीएम नोड उतरवेल, पण ते चालणार नाही. नवं जीलिबसी होममध्ये उतरवून लायब्ररीचा पाथ तिकडे वळवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने बाकीच्या साध्या कमांडही क्रॅश होऊ लागतात. जुन्या जीलिबसीसाठी नोड प्रकल्पाच्याच अनधिकृत बिल्ड मिळतात त्या वापरा, नाहीतर काम कंटेनरमध्ये (स्वतःच्या लायब्ररींसह वेगळ्या चालणाऱ्या वातावरणात) न्या.

पायथन

पायथनची गोष्ट निराळी आहे, कारण लिनक्सवर पायथन हा तुमच्या आधी सिस्टिमचा आहे. वितरणाची (डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकाराची) कितीतरी टूल्स त्यावर चालतात. म्हणून आता नव्या वितरणांत, उदाहरणार्थ २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ वर, पिपने सिस्टिममध्ये काही टाकायला गेलं की 'हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं' अशा अर्थाचा एरर येतो. तुमच्याकडे पिप अडून बसलंय ते यामुळेच असावं. त्या एररमध्येच तो दाबून टाकायचा पर्यायही लिहिलेला असतो, 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' नावाचा. त्या नावात जे लिहिलंय तेच तो करू शकतो. तो वापरू नका.

प्रोजेक्टसाठी वेनव्ह, म्हणजे पायथनचं त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं वातावरण, तयार करा. ते पायथन ३.३ पासून सोबतच येतं, कुठलेही हक्क मागत नाही. अ‍ॅक्टिव्हेट करणं म्हणजे काही जादू नाही, वेनव्हचा बिन फोल्डर पाथच्या सुरुवातीला घातला जातो, बस. म्हणून अ‍ॅक्टिव्हेट न करता त्या बिनमधलं पायथन पूर्ण पत्त्याने चालवलं तरी तेच होतं, आणि क्रॉनमध्ये तसंच करावं. वेनव्हचा फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवू नका. आतल्या स्क्रिप्टमध्ये जुना पूर्ण पत्ता कोरलेला असतो, त्या मोडतात. पुसून नवा करणं सोपं, त्यासाठीच गरजेच्या पॅकेजची फाइल लिहून ठेवायची.

इथे एक खाच आहे. डेबियन आणि उबुंटूमध्ये वेनव्ह पूर्ण चालण्यासाठी वेगळं पॅकेज लागतं, पायथन-३-वेनव्ह नावाचं. ते नसेल तर पिप घालण्याच्या पायरीवर सगळं थांबतं. हे पॅकेज पिपचं नसून वितरणाचं आहे, ते टाकायला मात्र अ‍ॅडमिन लागतो. सुडोच्या दिवसाच्या यादीत ते लिहा.

पिपचा 'युजर' पर्याय होममध्ये टाकतो म्हणून तो सुरक्षित वाटतो. पूर्वी मीही तो सर्रास सुचवायचो, आता नाही. त्याने टाकलेलं पॅकेज तुमच्या खात्यातून त्या व्हर्जनचं पायथन वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला दिसतं, वितरणाच्या टूल्सनाही. एका प्रोजेक्टसाठी चढवलेली लायब्ररी दुसऱ्याच्या पायात येते. फॉरमॅटर, लिंटर, छोटी कमांड-लाइन टूल्स सगळीकडे हवी असतील तर पीआयपीएक्स वापरा. ते प्रत्येक टूलला स्वतंत्र वेनव्ह देतं आणि फक्त कमांडचा दुवा डॉट-लोकलच्या बिनमध्ये ठेवतं.

पायथनच जुनं असेल तर? पायएन्व्ह सुचवलं जातं, पण ते पायथन सोर्सवरून (मूळ कोडमधून) कंपाइल करतं. त्यासाठी ओपनएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय यांच्या डेव्हलपमेंट फाइली मशीनवर असाव्या लागतात, आणि त्या टाकायला अ‍ॅडमिन लागतो. त्या नसताना तयार झालेल्या पायथनमध्ये एसएसएलच (सुरक्षित डाउनलोडची सोय) नसतं आणि मग पिप काहीही उतरवू शकत नाही. अ‍ॅडमिन नसताना यूव्ही बरं. ती एकच बायनरी आहे, तयार पायथन होममध्ये उतरवते, वेनव्ह करते आणि पीआयपीएक्सचं कामही करते. पायथनबरोबर सी किंवा फोरट्रानच्या लायब्ऱ्या, कंपायलर, एचडीएफ५ असं काही लागत असेल तर कोंडाच्या (या सगळ्या गोष्टी एकत्र टाकणाऱ्या टूल्सच्या) कुटुंबाकडे वळा. मायक्रोमांबा हीसुद्धा एकच बायनरी आहे, आणि सगळं होममध्ये मावतं. संगणन केंद्राच्या मोठ्या क्लस्टरवर असाल तर काही उतरवण्याआधी 'मॉड्यूल अव्हेल' ही उपलब्ध सॉफ्टवेअरची यादी देणारी कमांड चालवून बघा. हवं ते कंपायलर किंवा पायथन तिथल्या लोकांनी आधीच त्या मशीनसाठी नीट तयार करून ठेवलेलं असतं.

बाकीच्या भाषा

यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण त्यांनी हा प्रश्न सुरुवातीपासून नीट सोडवलाय. रस्टचं रस्टअप डॉट-कार्गो आणि डॉट-रस्टअपमध्ये, म्हणजे होममध्येच बसतं. गो भाषेची अर्काइव्ह हव्या त्या फोल्डरात उलगडा, 'गो इन्स्टॉल'ने आलेली टूल्स होममधल्या गो फोल्डरच्या बिनमध्ये जातात. जावासाठी जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट संच) उलगडून जावा-होम तिकडे दाखवा किंवा एसडीकेमॅन घ्या. ग्रेडल वेगळं टाकायची गरज नाही, प्रोजेक्टमधलं रॅपरच ठरलेलं व्हर्जन उतरवून घेतं. रुबीला आरबीएन्व्ह आहे, फक्त तेही कंपाइल करतं, म्हणजे पायएन्व्हसारखीच अडचण.

होमब्रू (मॅकवर टूल्स टाकणारा व्यवस्थापक) मात्र अ‍ॅडमिनशिवाय फारसं साथ देत नाही. त्याच्या तयार बायनरी ठरावीक फोल्डरसाठी बनवलेल्या असतात: अ‍ॅपलच्या चिपवर ऑप्टमधला होमब्रू, इंटेलवर यूएसआर-लोकल. होममध्ये टाकलं तर बरंच काही सोर्सवरून कंपाइल होत बसतं. मॅकवर अ‍ॅडमिन नसेल तर वर सांगितलेले भाषांचे स्वतःचे व्यवस्थापकच वापरा.

विंडोज

विंडोजवर पाथचा क्रम आपल्या हातात नसतो, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. आधी सिस्टिमचा पाथ लागतो, त्याच्या मागे तुमच्या खात्याचा. म्हणजे सिस्टिममध्ये जुनं नोड असेल तर तुमच्या खात्यात नवं टाकूनही जुनंच चालेल. उपाय दोन. आयटीला ते जुनं काढायला सांगा, किंवा टर्मिनल उघडताना पॉवरशेलच्या प्रोफाइलमधून तुमचा फोल्डर पुढे घाला. खात्याचा पाथ बदलायला सेटिंगमधली 'तुमच्या खात्यासाठी' असलेली खिडकी वापरा, सेटएक्स ही कमांड नको. सेटएक्स १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकतं आणि लांबलेला पाथ कायमचा तुटतो.

टूल्ससाठी स्कूप घ्या, ते सगळं तुमच्या खात्याच्या फोल्डरात ठेवतं आणि अ‍ॅडमिन मागत नाही. 'चॉकलेटी' नावाचं तसंच दुसरं टूल नेहमीच्या पद्धतीने टाकायला अ‍ॅडमिन लागतो. व्हीएस कोडचा युजर इन्स्टॉलर वेगळा मिळतो, तोच घ्या. गिटची पोर्टेबल आवृत्ती आहे. विंडोजसाठीचं एनव्हीएम हा लिनक्सवरच्या एनव्हीएमपेक्षा पूर्ण वेगळा प्रकल्प आहे. ते सिमलिंकवर (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यावर) चालतं आणि त्यासाठी हक्क मागू शकतं, म्हणून तिथे एफएनएम बरं.

अ‍ॅपलॉकरसारखं धोरण लागू असेल, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्सबाहेरची कुठलीही एक्झी चालूच द्यायची नाही असं ठरवलेलं असेल, तर वरचं काहीही चालणार नाही. ते चुकवायचे मार्ग शोधू नका. ते जाणीवपूर्वक घेतलेले निर्णय असतात आणि त्यांना बगल दिली तर नोकरीवर बेतू शकतं. कुठली टूल्स का हवीत हे लिहून मंजुरी मागा. संस्थेच्या प्रॉक्सीच्या (इंटरनेटची ये-जा तपासणाऱ्या सर्व्हरच्या) सर्टिफिकेटचंही तसंच. डाउनलोड सर्टिफिकेटच्या एररने पडलं की तपासणीच बंद करायचा सल्ला सगळीकडे सापडतो. त्याऐवजी संस्थेचं रूट सर्टिफिकेट मागून घ्या आणि नोडला, पिपला त्याचा पत्ता द्या. दोघांतही तशी सोय आहे.

सुडोच्या दिवशी काय मागायचं

आता ती यादी. एनपीएमने किंवा पिपने टाकायची पॅकेजेस यात नाहीत, फक्त ज्यांना पर्याय नाही ते आहे. कंपायलर आणि मेक असलेलं मूलभूत बिल्ड पॅकेज, गिट, पायथन-३-वेनव्ह, आणि ओपनएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय यांच्या डेव्हलपमेंट फाइली. एवढं मशीनवर असलं की पुढे बऱ्याच भाषा सोर्सवरूनही होममध्ये बांधता येतात.

फाइलींवर नजर ठेवणाऱ्यांची मर्यादा वाढवून घ्या. मोठ्या प्रोजेक्टमध्ये अँग्युलरचा सर्व्हर किंवा एडिटर 'वॉचर संपले' म्हणतो, तेव्हा इनोटिफायचं कर्नल सेटिंग वाढवावं लागतं आणि ते रूटशिवाय होत नाही. अँड्रॉइडवर काम करणार असाल तर फोन यूएसबीने ओळखला जाण्यासाठी यूडेव्हचे नियम घालून घ्या. अँड्रॉइडचं एसडीके (डेव्हलपमेंट संच) मात्र होममध्येच. विंडोजवर २६० अक्षरांपेक्षा लांब पत्ते चालू करणारं रजिस्ट्रीचं सेटिंग मागा, नोड-मॉड्यूल्सच्या खोल फोल्डरांत त्याची गरज पडते. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) हवं असेल तर तेही त्याच दिवशी चालू करून घ्या.

कंटेनर लागणार असतील तर इथे जरा थांबून विचार करा. आपल्याला डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या टूलच्या ग्रुपमध्ये घाला असं सांगणं सोपं वाटतं, पण त्या ग्रुपमधला माणूस व्यवहारात रूटच असतो, कारण तो मशीनची पूर्ण डिस्क कंटेनरमध्ये जोडू शकतो. शेअर्ड मशीनवर ते मागू नका. रूटलेस पॉडमन (रूटशिवाय कंटेनर चालवणारं टूल) मागा. त्यासाठी आयटीला तुमच्या खात्याला उप-आयडींची एक श्रेणी एकदाच नेमून द्यावी लागते, पुढे तुम्हाला कुणाची गरज नाही.

डेटाबेस या यादीत नाही. पोस्टग्रेस होममध्ये छान चालतं. त्याचा सर्व्हर तर रूट म्हणून सुरूच होत नाही, नकार देतो. त्याच्या इनिटडीबी या कमांडने होममध्ये डेटाचा फोल्डर तयार करा आणि ५४३२ पोर्टवर चालवा. १०२४ च्या खालच्या पोर्टना हक्क लागतात, म्हणून वेब सर्व्हर ८० ऐवजी ८०८० वर ठेवा.

होममध्ये ठेवण्याची किंमत

हे लपवण्यात अर्थ नाही: होममध्ये टाकलेल्या प्रत्येक गोष्टीचे सुरक्षा अपडेट ही तुमची जबाबदारी होते. सिस्टिममधलं नोड आयटी अपडेट करतं, तुमच्या एनव्हीएममधलं कुणीच करत नाही. मी महिन्यातून एकदा कॅलेंडरमध्ये आठवण लावलीय, त्या दिवशी जुनी व्हर्जन काढतो आणि चालू ती वर नेतो.

दुसरं, जागा. शेअर्ड सर्व्हरवर होमला कोटा (जागेची मर्यादा) असतो, कधी फाइलींच्या संख्येवरही. दोन-तीन नोड-मॉड्यूल्स, एक कोंडा आणि पिपचं कॅश एवढ्याने तो भरतो, आणि भरला की एरर फार विचित्र येतात, कोट्याचं नावही घेत नाहीत. होम नेटवर्कवरून येत असेल तर हजारो छोट्या फाइलींमुळे इन्स्टॉलही रेंगाळतं. कॅश आणि बिल्डचे फोल्डर स्थानिक स्क्रॅच (तात्पुरत्या कामाच्या) डिस्कवर न्या. एनपीएम, पिप, कार्गो तिघांनाही कॅशची जागा सांगता येते. पॅकेज टाकताना अनाकलनीय एरर आला, की पहिल्यांदा डिस्कचा कोटा बघा आणि मगच एररचा मजकूर शोधायला बसा.

तुमच्यासाठी क्रम असा: आज, सुडोची वाट न बघता, एनव्हीएम टाका, त्यातून चालू एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारं) नोड घ्या आणि एनपीएक्सने अँग्युलरचा प्रोजेक्ट उघडून बघा. पायथनसाठी यूव्ही उतरवा. दोन्ही चालली की वरच्या यादीतलं तुमच्या कामाला काय लागतं ते टिपून आयटीला आधीच पाठवा, म्हणजे बहुधा ते स्वतःच तासाभरात टाकून देतील आणि तुम्हाला सुडो घ्यावाच लागणार नाही.